ताईच्या तोंडी दुसरीचा आवाज

माझ्या थोरल्या बहिणीला लोक लांबून ओळखतात आणि जवळ आल्यावर ओळखायचं सोडून देतात. कारण ती तोंड उघडते.

परवाचीच गोष्ट. औषधाच्या दुकानात आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो. पुढच्या बाई वळल्या, ताईकडे बघून डोळे मोठे केले. "अय्या! तुम्ही मोठ्या सिस्टर ना? टीव्हीवरच्या?"

"हो," ताई म्हणाली.

त्या एका 'हो'ने बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या, जणू ताई तिथे नव्हतीच. "दिसतात अगदी तशाच हो. पण त्यांचा आवाज किती गोड होता. कापसासारखा."

"तो आवाज माझा नव्हता," ताई त्यांच्या डोक्यावरून दुकानदाराला म्हणाली. "चेहरा माझा होता. माझ्या प्रेशरच्या गोळ्या द्या."

बाई निघून गेल्या, पण जाताना मान हलवत गेल्या. फसवणूक झाली होती त्यांची! आमच्या ताईने त्यांना फसवलं होतं! मला इतका संताप आला की घरी येऊन मी म्हटलं, हे एकदा कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला हवं. ताई सांगू शकत नाही. ती सुरुवात बरी करते, पण मध्यावर पोचेपर्यंत भांडी वाजायला लागतात. मी वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. राग आला तरी कात्री सरळ चालवायची मला सवय आहे.

आमचे वडील लाकूड कापायच्या गिरणीत मुकादम होते. करवत चालू असताना चाळीस पावलांवरच्या माणसाला 'थांब' ऐकू जायला हवं, नाहीतर त्याची बोटं जातात. वडिलांचं 'थांब' ऐकू जायचं. तो आवाज मला मिळाला नाही, ताईला मिळाला. जाड, खरखरीत, खालून येणारा. पाहुणे म्हणायचे, "पोरीचा आवाज आहे का भोंगा?" आई म्हणायची, "भोंगा आहे म्हणून तर माणसं वेळेवर घरी येतात."

एकोणिसाव्या वर्षी ताई एका नाटक कंपनीत लागली, तीही प्रॉम्प्टर म्हणून. पडद्याच्या आड स्टुलावर बसायचं, वही मांडीवर घ्यायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजायचं. आता आमची ताई आणि कुजबुजणार! तिसऱ्या प्रयोगाला राजाची भूमिका करणारा गृहस्थ अडला. ताईने वाक्य दिलं, ते राजाच्या आधी तिसऱ्या रांगेला ऐकू गेलं. लोक हसले. राजा पुन्हा अडला, ताईने पुन्हा दिलं, ह्या वेळी टाळी पडली.

कंपनीचे दिग्दर्शक म्हातारे होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मध्यंतरात मास्तर आत आले ते थरथरतच. "लोक तिकीट काढून प्रॉम्प्टर ऐकतायत! ह्या मुलीला एकतर बाहेर काढा, नाहीतर स्टेजवर तरी ढकला!"

बाहेर काढायला कुणी तयार नव्हतं, कारण तिच्याइतक्या कमी पगारात दुसरं कुणी आलं नसतं. म्हणून ढकलली. अशी ताई नटी झाली.

पुढची बारा वर्षं तिने त्या एका नाट्यगृहात काढली. नऊशे खुर्च्या, माइक नाही, पंख्यांचा खडखडाट, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तिचा श्वास ऐकू जायचा. धोबीण केली, राणी केली, खुनी केली. पण लोक अजून आठवण काढतात ती खाणीच्या नाटकाची. त्यात ती खाणीत गाडल्या गेलेल्या कामगाराची बायको होती. चौकशी अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसून पस्तीस मिनिटं एकटी बोलायची. ओरडायची कुठेच नाही. एवढा मोठा आवाज असलेलं माणूस ठरवून हळू बोलायला लागलं की काय होतं ते मी तिथे पाहिलं. नऊशे माणसं खोकायची विसरत.

आई प्रत्येक नाटकाला आठव्या रांगेत असायची. काचबिंदूने तिची नजर हळूहळू बाजूने खाऊन टाकली होती. मी म्हणायचे, "आई, पुढे बसू या, थोडं तरी दिसेल." ती म्हणायची, "मला बघायचंय कुठे? मला ऐकू येतंय ना, बास." डोळे मिटून बसायची. ताईचं वाक्य संपलं की मान एकदा हलवायची, हिशेब जुळल्यासारखी.

ताईचं लग्न झालं होतं, हेही सांगितलं पाहिजे. आमचे भावजी नकाशे काढायचं काम करायचे, माणूस तसा वाईट नव्हता. पण त्यांचं घरात एकच पालुपद असायचं, "हळू बोल, शेजारी ऐकतात." सकाळी हळू बोल, जेवताना हळू बोल, हसताना हळू हस. चौथ्या वर्षी एका दुपारी ताईने खिडक्या उघडल्या आणि आपल्याला काय वाटतं ते त्यांना स्वतःच्या खऱ्या आवाजात सांगितलं. शेजाऱ्यांनी ऐकलं. पलीकडच्या गल्लीनेही ऐकलं. संध्याकाळी ती ट्रंक घेऊन आमच्याकडे आली ती कायमची.

मग नाट्यगृह विकलं गेलं. तिथे आता सोफे आणि पलंग विकतात. मास्तर त्याच वर्षी गेले, कंपनी फुटली, आणि ताई बत्तिसाव्या वर्षी माझ्या बैठकीच्या खोलीत बसून भिंतीकडे बघायला लागली. त्याच सुमाराला टीव्हीवाल्या बाईंचा निरोप आला.

ह्या बाई मालिका काढायच्या. समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठीमागे साखर. कारण त्या सगळ्यांना 'राजा' आणि 'सोन्या' म्हणायच्या आणि कुणाला कामावरून काढतानाही गालाला हात लावायच्या. त्यांनी ताईला खाणीच्या नाटकात पाहिलं होतं. रुग्णालयावरची मालिका होती, आणि मुख्य भूमिका होती मोठ्या सिस्टरची, सगळा वॉर्ड जिला आईसारखी मानतो अशी.

"तुझे डोळे, सोन्या," साखर म्हणाली, "मला तुझे डोळे हवेत."

आम्हाला वाटलं बोलायची पद्धत असेल. तिला खरोखर डोळेच हवे होते.

इथे मला माझी चूक सांगायची आहे, कारण दुसऱ्यांवर आग पाखडायची तर आधी स्वतःचे हात दाखवायला हवेत. करार माझ्या घरी आला. ताईला कागदपत्रांचा कंटाळा, म्हणून तो मी वाचला. ओळ न् ओळ वाचली. त्यात एक कलम होतं की निर्मात्यांना कलाकाराच्या 'प्रतिमेत व ध्वनीत आवश्यक ते बदल' करता येतील. मी ते वाचलं आणि पान उलटलं. मला वाटलं, आवाज कमी-जास्त करतात, त्याबद्दल असेल. मी म्हटलं, "ठीक आहे, कर सही." तीन वर्षांचा करार होता.

चित्रीकरण एका जुन्या गोदामात चालायचं. वर पत्रे, बाजूला जनरेटर, त्यामुळे तिथला आवाज वापरता यायचा नाही. नट तिथे बोलायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी एका बंद खोलीत, पडद्यावर स्वतःला बघत, ओठांना ओठ जुळवून तेच संवाद पुन्हा बोलायचे. सगळ्यांना त्यासाठी बोलावणं आलं. ताईला नाही. तिने तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमचं झालंय, मॅडम."

"झालंय? माझ्याशिवाय?"

"ते जरा टेक्निकल असतं," तो म्हणाला आणि फोन वाजलेला नसताना फोन घ्यायला गेला.

पहिला भाग आठ वाजता लागणार होता. घरात खुर्च्या कमी पडल्या. आई मधोमध, मी, माझा नवरा, शेजारचं जोडपं आणि दारापाशी ताई, नवे कपडे घालून. मालिका सुरू झाली. ताई वॉर्डात आली, पांढऱ्या गणवेशात. एका आजाऱ्याच्या उशाशी वाकली आणि तिने तोंड उघडलं. तोंडातून आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचातरी. पातळ, गोडुला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा हुंदका दिल्यासारखा. "बाळा, दुखतंय का रे तुला?"

मी ताईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

आई मात्र कान देऊन बसली होती. दोन-तीन मिनिटं गेली. मग ती मला म्हणाली, "अगं, ही कोण बाई केव्हाची बोलतेय? आपली कधी येणार?"

"आई," मी म्हटलं, "हीच आपली."

"नाही," आई म्हणाली. "ही नाही."

"आई, चेहरा ताईचाच आहे. आवाज दुसरीचा घातलाय."

"म्हणजे कसा घातलाय? ती मेलीय का?"

ताई दारातून निघून गेली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पण दिसते किती छान," आणि माझ्या नवऱ्याने त्यांना अशा नजरेने पाहिलं की त्या चिवड्याची वाटी हातात धरून गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साखरच्या ऑफिसात. काचेचं टेबल, काचेचं दार, आणि साखर उठून ताईच्या गालाला हात लावायला पुढे आली. ताईने हात झटकला.

"माझा आवाज कुठे आहे?"

"राजा, बस आधी."

"बसत नाही. माझा आवाज कुठे आहे?"

"हे बघ, तुझा आवाज नाटकाचा आहे. नाटकाला लोक ठरवून येतात. इथे माणसं जेवताना बघतात. तुझा आवाज ऐकला की घास अडकतो. नर्सचा आवाज कसा हवा? मऊ. बायकी."

"आणि माझा?"

साखर हसली. "तुझा भारदस्त आहे."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

ह्या वाक्यावर मी बसल्या जागी गार पडले. इतकं खरं बोलून इतकं निर्लज्ज राहता येतं हे मला माहीत नव्हतं. साखरने करार काढला, ते कलम दाखवलं, आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीने वाचलाय ना? तूच म्हणालीस तेव्हा." ताईने माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

वकिलाने सांगितलं की तीन वर्षं सुटका नाही. पण खरं सांगायचं तर ती सहा वर्षं राहिली. तीन वर्षांनंतर मी तिला विचारलं, "आता का? आता तर दार उघडं आहे."

ती म्हणाली, "रस्त्यात म्हातारी माणसं माझा हात हातात घेतात. बारा वर्षं नाटकात घसा फोडला, कुणी हात धरला नव्हता." आणि लगेच तिच्यातला वडिलांचा आवाज वर आला. "पण मी बोलले की सोडतात गं! चटका बसल्यासारखा सोडतात!"

म्हणून बाहेर तिने बोलणंच बंद केलं. नुसती मान हलवायची, हसायची. माझ्या बहिणीला त्यांनी मुकी केली. रस्त्यावरसुद्धा.

आई त्या मालिकेला कधी बसली नाही. आठ वाजले की भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायची. "त्या बाईचं संपलं की हाक मार." ताईला ते लागायचं, पण आईला ती काय सांगणार? पाचव्या वर्षी आई गेली. भेटायला आलेली माणसं ताईच्या तोंडाकडे बघत होती. एक बाई जवळ बसल्या. ताई त्यांना आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल काहीतरी सांगत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "घसा बसलाय हो बिचारीचा, रडून रडून. होईल नीट, पहिल्यासारखा."

मी त्या बाईंना हाताला धरून दारापर्यंत नेऊन सोडलं. हे बरं केलं की वाईट, मला कळत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेन.

त्यानंतर ताईने सेटवर जे सुरू केलं ते आधी कुणाला कळलं नाही. तिच्या लक्षात आलं होतं की आवाज नंतर बदलणारच आहे, तर ती सेटवर काय बोलते ह्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. ओठ तेवढा वेळ हलले म्हणजे झालं. दिग्दर्शक कानाला यंत्र लावून बसायचा, पण जनरेटरच्या घरघरीत त्यालाही नीट ऐकू यायचं नाही, आणि तो बघायचा फक्त डोळे. म्हणून लिहिलेलं वाक्य असायचं, "डॉक्टरसाहेब, देवमाणूस आहात तुम्ही." आणि ताई, डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून, म्हणायची, "गाढवा, तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतोय." आजाऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणायची, "साखरेला मुंग्या लागोत, बाळा, लाल मुंग्या लागोत." रात्री ते टीव्हीवर लागायचं. तोच प्रेमळ चेहरा, तेच भरलेले डोळे, आणि वरून गोडुला आवाज, "लवकर बरा हो हं." घरी येऊन ती मला सांगायची की आज काय म्हटलं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. पण हसणं संपलं की तिचा चेहरा पूर्वीपेक्षा वाईट व्हायचा. शिव्या देऊन काय, ऐकायला कुणीच नव्हतं.

निदान आम्हाला तसं वाटत होतं.

एका रविवारी बाजारात विशीतली एक मुलगी ताईसमोर येऊन उभी राहिली. ताईने सवयीने मान हलवली, हसली. मुलगी हसली नाही. तिने पिशवीतून वही काढली, लिहिलं आणि पुढे केलं. मी ताईच्या खांद्यावरून वाचलं. *परवा तुम्ही डॉक्टरला गाढव म्हणालात.*

ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. "तुला कसं कळलं?"

मुलीने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मग कानावर, आणि मान हलवली. तिला ऐकू येत नव्हतं. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकलेली आणि आता तिथेच लहान मुलांना चित्रकला शिकवणारी होती. ती माणसांचे ओठ वाचायची. तिने पुन्हा लिहिलं. *आमच्या शाळेत सगळे बघतात. ज्यांना ओठ नीट वाचता येत नाहीत त्यांना आम्ही खुणा करून सांगतो. मुंग्या सगळ्यांना आवडल्या.*

ताईला हसावं की रडावं कळेना. मुलीने वही मागे घेतली, विचार केला आणि आणखी एक ओळ लिहिली. *तुम्ही इतक्या रागावलेल्या का असता?*

सहा वर्षांत, एवढ्या लाखो लोकांपैकी, हे तिला एकीनेच विचारलं होतं. ताई तिथे भाज्यांच्या टोपल्यांमध्ये उभी राहून तिला सगळं सांगायला लागली, हळू नाही, स्वतःच्या पुऱ्या आवाजात. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मुलीला आवाजाचं काय, ती तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ताईने शिव्या बंद केल्या. सेटवर ती खाणीच्या नाटकातलं भाषण बोलायला लागली. ते पस्तीस मिनिटांचं बोलणं तिने तुकडे करून, रोज दोन-चार वाक्यं, आजाऱ्यांच्या उशाशी, औषधांच्या कपाटापाशी, डॉक्टरांच्या टेबलासमोर मांडलं. 'साहेब, वरून दगड पडला असं तुम्ही लिहिलंय. दगड पडला नाही. दगड पाडला.' आणि टीव्हीवर त्याच जागी मोठी सिस्टर म्हणत होती, "साहेब, जेवण गार होतंय, आधी दोन घास खाऊन घ्या." दोन महिने तिने असा प्रयोग लावला. शाळेतली मुलं रोज आठ वाजता टीव्हीसमोर बसायची, आणि ती चित्रकलेची मुलगी प्रत्येक तुकडा वहीत उतरवून घ्यायची.

घात केला तो कौतुकाने. शाळेच्या मुख्याध्यापिकांना हे इतकं थोर वाटलं की त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मनापासून, भाबडेपणाने लिहिलं की आमच्या मुलांसाठी ही अभिनेत्री गुपचूप वेगळं नाटक करते, आणि तिचा आवाज वाहिनीने ऐकूच येऊ दिलेला नाही. पत्र छापून आलं. चार दिवसांनी ताईला काचेच्या टेबलापुढे बोलावणं आलं.

ह्या वेळी साखर उठली नाही. "आम्ही तुला काय कमी केलं?"

"आवाज," ताई म्हणाली.

"माझी थट्टा केलीस तू. माझ्या मालिकेत. माझ्या पैशांनी."

"माझ्या तोंडाने," ताई म्हणाली. "तेवढंच माझं होतं."

तिला काढलं. पण कसं काढलं ते ऐका. मालिकेत मोठ्या सिस्टरला अपघात झाला. तीन आठवडे चेहऱ्याला पट्ट्या. पट्ट्यांच्या आतून तो गोडुला आवाज बोलत होता, त्यामुळे बघणाऱ्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मग पट्ट्या सोडल्या आणि आतून सव्वीस वर्षांची एक मुलगी निघाली. आवाज तोच. चेहरा बदलला आणि आवाज ठेवला! पहिले चार दिवस लोकांनी कुरकुर केली. पाचव्या दिवशी माझ्या कारखान्यात बायका म्हणत होत्या, "नवीन बरी आहे गं, आवाजाला शोभते." मी कात्री खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

त्या गोष्टीला वर्ष होऊन गेल्यावर एका सकाळी दाराची बेल वाजली. मी उघडलं. दारात चाळिशीची, बारीक, चष्मा लावलेली बाई, हातात फळांची पिशवी. "आहेत का घरी?" तिने विचारलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. मोठी सिस्टर दारात उभी होती.

ताईनेही तो आवाज आतून ओळखला. ती बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"मी तुमचे संवाद बोलायचे," बाई म्हणाली. "मलाही काढलं आता. त्यांना आणखी कोवळा आवाज हवाय. मला वाटलं, एकदा भेटावं."

ताईने चौकटीवरचा हात काढला नाही.

"सहा वर्षं मी तुमचे ओठ बघून बोलत होते. शेवटच्या वर्षी तुम्ही काय म्हणत होतात ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुमची वाक्यं लांब असायची आणि माझी आखूड. मी श्वास ओढून ओढून बसवायचे." ती किंचित हसली. "ते खाणीचं भाषण मला पाठ झालंय."

हे ऐकून मला वाटलं, आता ताई तिला आत घेईल. तिने घेतलं नाही.

"माझी आई पाच वर्षं टीव्हीच्या खोलीत बसली नाही," ती म्हणाली. "मरेपर्यंत. तिला दिसत नव्हतं, आणि जे ऐकू येत होतं ती तू होतीस."

"मला समोर जे देतील ते बोलायचं काम होतं, ताई. मी एकदा शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव टाका म्हटलं, तर म्हणाले, आवाजाला नाव नसतं."

"मला ताई म्हणू नकोस. जा."

बाईने पिशवी पायरीवर ठेवली आणि गेली. मी ताईशी भांडले. मी म्हटलं, "तुझा राग खरा आहे, पण पत्ता चुकला. ती तुझ्यासारखीच आहे."

"मग बरोबर पत्त्यावर जाऊ?" ताई माझ्यावर खेकसली. "साखरेच्या दारात वॉचमन असतो! मला आत सोडत नाहीत! जी दारात आली तिच्यावरच ओरडणार ना मी!"

ती फळं तीन दिवस तशीच राहिली, चौथ्या दिवशी मी शेजारी देऊन टाकली. ताई त्या बाईला पुन्हा भेटलेली नाही. मी एकदा पत्ता मिळवला होता, तो कागद तिने फाडला.

मुख्याध्यापिकांना आपल्या पत्राने काय झालं ते कळलं तेव्हा त्या रडत आल्या. ताईने त्यांनाही बरंच ऐकवलं. पण त्या बरोबर चित्रकलेच्या मुलीला घेऊन आल्या होत्या, आणि मुलीने वही पुढे केली. दोन महिने उतरवलेलं भाषण अर्ध्यावर तुटलं होतं, कारण मध्येच ताईला काढलं. खाली लिहिलं होतं, *पुढे काय झालं?*

शाळेच्या हॉलमध्ये ताईने ते पहिल्यापासून केलं. चेहऱ्यावर दोन दिवे, मागे काळा पडदा. तिला पुष्कळ नव्याने शिकावं लागलं. तोंडावर हात आणायचा नाही, पाठ वळवायची नाही, केस पुढे येऊ द्यायचे नाहीत. ती मुलगी पहिल्या रांगेत बसायची आणि एखादा शब्द वाचता आला नाही की चक्क हात वर करायची. ताई चिडायची. "प्रयोगाच्या मध्ये हात वर करतात का?" मुलगी पुन्हा करायची. मास्तरांनी सुद्धा तिला इतकं दामटलं नव्हतं.

त्यातून नाटक पुन्हा उभं राहिलं. आता ती एका लहान नाट्यगृहात महिन्यातून दोनदा करते. तीनशे खुर्च्या, त्यातल्या कधी शंभर भरतात, कधी चाळीस. तिथला ध्वनिव्यवस्थेचा माणूस पहिल्या दिवशी तिच्या कपड्याला माइक लावायला आला, तेव्हा ती त्याला जे बोलली ते बाहेर सायकली लावणाऱ्या माणसालाही ऐकू गेलं. माइक परत गेला.

गेल्या महिन्यात एका वाहिनीचा फोन आला होता. नवीन मालिका, आजीची भूमिका. "ह्या वेळी तुमचाच आवाज ठेवू," पलीकडून सांगत होते, "फक्त कॉम्प्युटरवर थोडा मऊ करू." ताईने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "तू बोल. मी बोलले तर मशीन मोडेल त्यांचं." मी बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिला अजून रागवायला कारण लागत नाही. मलाही लागत नाही. मालिकेचे जुने भाग दुपारी पुन्हा दाखवतात, आणि औषधाच्या दुकानातल्या बाईंसारख्या बायका ते बघतात आणि तिला रस्त्यात अडवतात. अडवा. पण मग ती बोलेल ते ऐकून घ्या.

प्रयोग पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी असतो, संध्याकाळी साडेपाचला. तिकीट दारावर मिळतं. पहिल्या दोन रांगा शाळेच्या मुलांसाठी राखीव आहेत, तिथे कृपा करून बसू नका. मागे बसा. ऐकू येतं.